युरोपातील कॉफी व केळी आणि आपली निपाणी

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात भूगोलाचा पाठ चालू असता आम्ही फळ्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या. "ब्राझील : कॉफी" ही एक आणि "एक्वाडोर : केळी" ही दुसरी. जगात सर्वांत अधिक कॉफी ब्राझीलमध्ये पिकते व सर्वांत अधिक केळी एक्वाडोरमधून परदेशी जातात, एवढे सांगून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तोच निपाणीकडील खेड्यातून आलेला एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मग तिथलं शेतकरी लई सावकार असतील न्हवं?" वर्ग हसला. मुलगा मात्र हसला नाही. त्याच्या घरी तंबाखूचे पीक आहे. तो पुढे म्हणाला, "आमच्या तंबाखूचा भाव आम्ही ठरवत न्हाई. त्येंच्या केळ्याचा भाव कोण ठरवतंय?"

त्या तासाला आम्ही जे उत्तर दिले ते अपुरे होते, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. पाठ्यपुस्तकात पीक सापडते, बंदर सापडते, नकाशावरील बाणही सापडतो. पण भाव कोण ठरवितो हे सापडत नाही. म्हणून त्या प्रश्नाचा विचार आम्ही या लेखात स्वस्थपणे करावयाचे ठरविले आहे.

युरोप खंडाच्या भूमीवर कॉफीचे व्यापारी पीक होत नाही म्हटले तरी चालेल. केळी काही प्रमाणात होतात, पण तीही स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांसारख्या उष्ण बेटांवर. असे असूनही जगातील कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक युरोपच आहे आणि तेथील बाजारात केळे हे रोजच्या खाण्यातील फळ आहे. अर्थात, या दोन वस्तूंपायी युरोपातील कुटुंबे दरवर्षी फार मोठी रक्कम खर्च करितात. ही रक्कम गेल्या सत्तर वर्षांत कशी बदलली आणि तिच्यातील किती भाग कष्ट करणाऱ्याच्या हाती पडला, हे पाहू लागलो म्हणजे आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू उलगडत जाते.

एका पेल्याचा हिशेब

प्रथम थोडे अंकगणित करू. एक किलो कच्ची कॉफी भाजली म्हणजे ओलावा उडून तिचे वजन सुमारे आठशे चाळीस ग्रॅम भरते. एका पेल्यास आठ ग्रॅम पूड लागते असे धरल्यास एका किलोत शंभराहून थोडे अधिक पेले होतात. आता २०२३ साली 'फेअरट्रेड' या संघटनेने धुतलेल्या अरेबिका कॉफीसाठी जो किमान भाव ठरवून दिला तो पौंडामागे १ डॉलर ८० सेंट, म्हणजे किलोमागे सुमारे चार डॉलर आहे. चार डॉलर शंभर पेल्यांत वाटले असता एका पेल्यामागे चार सेंट येतात. युरोपातील उपाहारगृहात मात्र त्याच पेल्यास दोन-तीन युरो मोजावे लागतात. युरो आणि डॉलर यांच्या किमतींत फार अंतर नसल्याने तुलना करावयास हरकत नाही.

मधली रक्कम कोणी लुबाडली, असा निष्कर्ष कोणी घाईने काढू नये. त्यात जहाजाचे भाडे आहे, भट्टीचा खर्च आहे, दुकानाचे भाडे आहे, नोकरांचे पगार आहेत, सरकारचा कर आहे आणि नफाही आहे. पण या साऱ्या वाटेकऱ्यांत ज्याचा वाटा सर्वांत लहान तो माणूस झाडापाशी उभा आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. शिवाय इतर वाटेकरी आपला दर आपण सांगतात, झाडापाशी उभा असलेल्यास मात्र तो ऐकावा लागतो.

भाव सांभाळणारा करार आणि त्याचा शेवट

दुसऱ्या महायुद्धानंतर कॉफीचे भाव एका वर्षी आकाशाला भिडत, तर दुसऱ्या वर्षी मातीला मिळत. म्हणून १९६२ साली कॉफी पिकविणाऱ्या व कॉफी पिणाऱ्या राष्ट्रांनी एक आंतरराष्ट्रीय करार केला. कोणत्या देशाने किती कॉफी बाजारात आणावयाची याचा कोटा ठरला. भाव पडू लागला की कोटा आखडावयाचा आणि चढू लागला की सैल करावयाचा, अशी ही योजना होती. मध्ये काही वर्षे तिच्यात खंड पडला, तरी एकंदरीत कॉफी पिकविणाऱ्यास तिचा आधार होता.

जुलै १९८९ मध्ये राष्ट्रांचे एकमत न झाल्यामुळे हे कोटे रद्द झाले. साठविलेला माल बाजारात लोटला आणि भाव थोड्याच काळात निम्म्यावर आले. पुढे व्हिएतनामनेही प्रचंड प्रमाणात कॉफी पिकविण्यास आरंभ केला आणि २००१ च्या अखेरीस जागतिक भाव पौंडामागे पन्नास सेंटांच्याही खाली गेला. या काळातील एक आकडा आमच्या विद्यार्थ्यांनी वहीत टिपून ठेवावा. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेने २००२ साली दिलेल्या माहितीनुसार, १९९० च्या सुमारास जगात किरकोळ विक्रीने सुमारे ३० अब्ज डॉलरची कॉफी विकली जात असे व त्यातील १० ते १२ अब्ज डॉलर कॉफी पिकविणाऱ्या देशांकडे येत. बारा वर्षांनंतर किरकोळ विक्री ७० अब्जांवर गेली आणि पिकविणाऱ्या देशांची मिळकत साडेपाच अब्जांवर आली. पिणाऱ्याने दुपटीहून अधिक खर्च केला, पण पिकविणाऱ्यास पूर्वीच्या निम्मेच मिळाले!

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. ग्राहकाने अधिक पैसे मोजले म्हणजे ते आपोआप शेतापर्यंत पोहोचतात, ही समजूत खरी नाही. नदीला पूर आला तरी पाट फोडल्याशिवाय वाफ्यात पाणी येत नाही.

जावा बेटावरील एक कथा

पाट फोडण्याचा एक प्रयत्न हॉलंडमध्ये झाला. त्याचे नाव समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८३० पासून डच सरकारने जावा बेटावरील शेतकऱ्यांवर कॉफी, ऊस, नीळ अशी पिके घेण्याची सक्ती केली होती. आपल्याकडे चंपारण्यात निळीची जी सक्ती होती आणि जिच्याविरुद्ध १९१७ साली महात्माजींनी सत्याग्रह केला, तिचीच ही बहीण समजावी. या जुलमाचे चित्र १८६० साली एका डच अधिकाऱ्याने, 'मुल्तातुली' या टोपणनावाने, आपल्या 'माक्स हावेलार' या कादंबरीत रेखाटले आणि हॉलंडमधील सुशिक्षितांची मने हलविली.

१९८८ साली, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनी, त्याच हॉलंडमध्ये कॉफीच्या पुड्यावर 'माक्स हावेलार' हा शिक्का उमटला. मेक्सिकोतील डोंगराळ भागातील गरीब शेतकऱ्यांची सहकारी संस्था, तेथे काम करणारे एक डच धर्मोपदेशक आणि हॉलंडमधील एक सेवासंस्था यांनी मिळून ही योजना आखली होती. तिची कलमे साधी होती. बाजार कितीही पडला तरी शेतकऱ्यास ठराविक किमान भाव द्यावयाचा व बाजार चढला तर चढलेला भाव द्यावयाचा. शिवाय प्रत्येक पौंडामागे काही रक्कम संस्थेच्या सामाईक कामासाठी निराळी द्यावयाची. ती शाळेवर खर्च करावी, विहिरीवर करावी की गोदामावर, हे सभासदांनी मत देऊन ठरवावयाचे. आज ही निराळी रक्कम कॉफीसाठी पौंडामागे २० सेंट आहे. असे शिक्के पुढे युरोपातील अनेक देशांत निघाले.

केळ्यांवरून झालेले भांडण

केळ्यांची कथा याहून गमतीची आहे. १९५७ साली रोम येथे युरोपच्या सामाईक बाजारपेठेचा करार झाला, तेव्हा पश्चिम जर्मनीने आपल्यापुरती एक सवलत मागून घेतली. ती होती परदेशातून केळी जकातीविना आणण्याची! फ्रान्स व ब्रिटन हे आपल्या जुन्या वसाहतींतील केळी घेत व इतरांची अडवीत. जर्मन माणसास मात्र दक्षिण व मध्य अमेरिकेतील स्वस्त केळी मिळत. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, तेव्हा पूर्वेकडील लोक पश्चिमेच्या दुकानांतून केळी घेऊन परतू लागले, कारण पूर्वेकडे ती दुर्मीळ होती. एक साधे फळ सुबत्तेची खूण होऊन बसले ते असे.

१९९३ साली साऱ्या युरोपसाठी केळ्यांचा एकच नियम झाला. जुन्या वसाहतींच्या केळ्यांना त्यात झुकते माप होते. अमेरिकेतील बड्या फळ-कंपन्या व लॅटिन अमेरिकेतील राष्ट्रे यांना ते रुचले नाही. जागतिक व्यापार संघटनेपुढे खटले चालले, डिसेंबर २००९ मध्ये जिनिव्हा येथे तडजोड झाली आणि २०१२ साली भांडणाचा रीतसर शेवट झाला. लॅटिन अमेरिकेच्या केळ्यांवरील जकात टनामागे १७६ युरोवरून टप्प्याटप्प्याने ११४ युरोपर्यंत उतरावयाची असे ठरले. जकात उतरली, मोठमोठ्या दुकानांत केळी स्वस्त विकण्याची चढाओढ लागली, आणि ग्राहकाचा खर्च हलका झाला. पण केळीच्या बागेत घड तोडणाऱ्या मजुराचे ओझे त्यामुळे हलके झाले नाही.

याच संदर्भात स्वित्झर्लंडमधील फ्राउएनफेल्ड या गावच्या स्त्रियांची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९७३ साली तेथील एका मोठ्या दुकानसंस्थेने केळ्यांचा भाव किलोमागे १५ राप्पेनने उतरविला. (शंभर राप्पेनांचा एक फ्रँक होतो.) गृहिणींनी आनंद मानावा अशीच ही गोष्ट. परंतु या स्त्रियांनी केळीच्या मळ्यांतील मजुरांच्या हलाखीवरील एक चित्रपट पाहिला होता. त्यांनी दुकानदारास विचारले, "सारे काही महाग होत असता केळीच स्वस्त कशी होतात? आणि हे १५ राप्पेन आम्हांस देण्याऐवजी त्या मजुरांस का देत नाही?" समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्या स्वतः केळी घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि ग्राहकांस किलोमागे १५ राप्पेन अधिक देण्याची विनंती करू लागल्या. लोक त्यांना 'केळीवाल्या बायका' म्हणू लागले.

हे बीज उगवावयास वेळ लागला. १९९६ साली हॉलंडमध्ये किमान भावाच्या शिक्क्याची केळी आली, २००० साली ब्रिटनमध्ये आली आणि २००७ साली तेथील एका मोठ्या दुकानमालिकेने आपल्याकडील सारीच केळी या शिक्क्याची ठेविली. या केळ्यांच्या सुमारे अठरा किलोंच्या प्रत्येक खोक्यामागे एक डॉलर सामाईक निधीसाठी दिला जातो. खोक्यात शंभरावर केळी मावतात, म्हणजे एका केळ्यामागे एक सेंटही नाही. एवढ्याने ग्राहक गरीब होत नाही. पण तोच डॉलर हजारो खोक्यांमागे एकत्र आला की गावात दवाखाना उभा राहू शकतो.

आपल्या देशाचा वाटा

आता आपल्या देशाकडे वळू. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात पेरल्या, अशी आख्यायिका आहे. आज भारतातील कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के कर्नाटकात, मुख्यतः कोडगू, चिकमगळूर व हासन या जिल्ह्यांत पिकते. देशात एका वर्षी साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी होते, तिच्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक परदेशी जाते आणि इटली, जर्मनी, बेल्जियम हे तिचे मोठे ग्राहक आहेत. आपण बेळगावकर सकाळी चहाचा कप हाती घेतो. त्याच वेळी आपल्याच राज्यातील कॉफी रोम वा मिलान शहरी कोणी पीत असतो.

युरोपच्या आवडीने आपल्याकडील एक कॉफी कशी जन्मास आली, हेही मनोरंजक आहे. शिडाच्या जहाजांच्या काळी मलबारहून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपास पोहोचावयास महिनेच्या महिने लागत. दमट हवेने दाणे फुगत, पिवळट होत व त्यांची चव बदले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास लहान झाला आणि ग्राहक म्हणू लागले, "पूर्वीची चव कोठे गेली?" तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत कॉफीचे दाणे पावसाळी वाऱ्यात मुद्दाम पसरून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. 'मान्सून्ड मलबार' ती हीच. ग्राहकाचा शब्द किती लांबवर पोहोचतो, याचा हा एक दाखला आहे.

१९४२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले कॉफी मंडळ पूर्वी सर्व बागायतदारांची कॉफी एकत्र घेऊन तिचा लिलाव करीत असे. १९९० नंतरच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने उठले व १९९६ पर्यंत विक्री पूर्णपणे खुली झाली. त्यामुळे भाव चढला की लाभ आणि पडला की तोटा, दोन्ही बागायतदाराच्या अंगावर आले. २०२४ साली ब्राझील व व्हिएतनाममध्ये हवामानाने पिकास दगा दिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाचा जागतिक भाव पौंडामागे चार डॉलरांच्या वर गेला. २०२४-२५ या वर्षात भारतास कॉफीच्या निर्यातीतून सुमारे १.८ अब्ज डॉलर मिळाले. २०२१-२२ साली ही रक्कम एक अब्जाच्या किंचित वर होती. कॉफी दुप्पट गेली नाही, वाढला तो भाव. दुसऱ्याच्या दुष्काळाने आलेली ही सुबत्ता आहे आणि ती कायमची मानून कोणी कर्ज काढू नये.

केळ्यांच्या बाबतीत भारत जगात पहिला आहे. जगातील चौथ्या हिश्श्याइतकी केळी आपल्याकडे होतात. जळगावच्या केळ्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु आपली बहुतेक केळी आपणच खातो. जी बाहेर जातात ती मुख्यतः इराण, इराक व आखाती देशांत. युरोपचा समुद्रमार्ग लांब असून केळे नाजूक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारामतीहून केळ्यांचे एक प्रायोगिक खोके-भरताड समुद्रमार्गे नेदरलँड्सकडे रवाना झाले. ही वाट पुढेमागे रुळली, तर फ्राउएनफेल्डच्या स्त्रियांनी विचारलेला प्रश्न आपल्या शेतकऱ्यांच्याही उपयोगी पडेल.

नवा कायदा, नवी अडचण

अलीकडे युरोपच्या खर्चास आणखी एक अट जोडली गेली आहे. २०२३ साली युरोपीय संघाने असा कायदा केला की, कॉफी, कोको, रबर, लाकूड इत्यादी माल ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवर पिकलेला असेल, तर तो संघाच्या देशांत विकता येणार नाही. प्रत्येक मालाबरोबर तो कोणत्या जमिनीवर पिकला, तिचे अक्षांश-रेखांश द्यावयाचे आहेत. या कायद्याची अंमलबजावणी २०२४ च्या अखेरीस व्हावयाची होती. ती दोनदा पुढे ढकलली जाऊन २०२६ च्या अखेरीवर गेली.

कायद्यामागील हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. कोडगूची कॉफी तर मोठ्या झाडांच्या सावलीतच वाढते. परंतु आपल्या देशातील कॉफीच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णवांहून अधिक बागा दहा हेक्टरांहून लहान आहेत. अक्षांश-रेखांशांची नोंद ठेवणे बड्या मळेवाल्यास सोपे असते, दोन एकरवाल्यास ते एकट्याने झेपत नाही. चांगल्या हेतूचा कायदाही एकट्यादुकट्यास बाजाराबाहेर लोटू शकतो. येथेही संघटित शेतकरीच तरून जाईल. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यातील आदिवासी शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारली, म्हणूनच त्यांची कॉफी २०१७ साली पॅरिस शहरातील दुकानात त्यांच्या खोऱ्याच्या नावाने विकली जाऊ लागली.

पुन्हा निपाणी

शिक्क्याच्या मालाने सारे दुःख संपले, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अनेक सहकारी संस्थांना आपल्या पिकाचा काही भागच किमान भावाने विकता येतो. उरलेला साध्या बाजारात जातो. तपासणीचा खर्चही शेतकऱ्यांच्याच संस्थेस सोसावा लागतो. ग्राहकाची सहानुभूती ही पावसासारखी आहे. ती आली तर चांगलेच, पण विहीर आपली आपणच खणली पाहिजे.

ही गोष्ट निपाणीस कोणी बाहेरून शिकवावयास नको. १९८१ च्या मार्च महिन्यात तंबाखूस रास्त भाव मिळावा म्हणून येथील शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. बायकामुले, बैलगाड्या, चुली यांसह रस्त्यावर वसलेल्या त्या वस्तीस 'आंदोलननगर' हे नाव पडले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ती वस्ती टिकली. ६ एप्रिल रोजी पोलिसांचा गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. त्याच सुमारास तंबाखूच्या वखारींत धुराळ्यात राबणाऱ्या स्त्रियाही संघटित होत होत्या आणि १९८२ साली त्यांच्या लढ्यावर माहितीपटही निघाला. शेतकऱ्याने भाव मागितला आणि मजूर स्त्रीने मजुरी मागितली. दोन्ही मागण्या एकाच गावातून उठल्या, हे विसरता कामा नये. शेतकऱ्यास भाव मिळाला की मजुरास मजुरी आपोआप मिळते असेही नाही. ती मागावीच लागते.

येथे एक योगायोग सांगावासा वाटतो. शरद जोशी हे शेतीत पडण्यापूर्वी स्वित्झर्लंडमध्ये, बर्न येथे, जागतिक टपाल संघाच्या कचेरीत अधिकारी होते. फ्राउएनफेल्डच्या बायका १५ राप्पेनचा हिशेब मागत होत्या, तेव्हा ते त्याच देशात राहत होते. या दोहोंचा संबंध होता असे आम्हांस सुचवावयाचे नाही. पण घेणाऱ्यांच्या देशात आणि पिकविणाऱ्यांच्या देशात, एकाच दशकात, एकच प्रश्न माणसे विचारू लागली होती.

तर, आमच्या विद्यार्थीमित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे : एक्वाडोरचा केळी-मजूर आणि तुझे वडील यांच्यात समुद्राचे अंतर आहे, पण दोघांच्याही मालाचा भाव दुसराच कोणी सांगतो. तो कायमचा त्यानेच सांगावा असा मात्र कोठे लेख नाही. १९६२ साली राष्ट्रांनी तो कराराने बांधला होता, १९८९ साली सोडला, १९८८ पासून काही ग्राहकांनी व सहकारी संस्थांनी तो पुन्हा थोडाफार बांधला. जे माणसांनी ठरविले ते माणसांना बदलता येते.

त्यासाठी प्रथम हिशेब आला पाहिजे. या सुटीत आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एवढे करावे. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी वडिलांपाशी बसून एका एकराचा जमाखर्च मांडावा व त्यात आईच्या श्रमाचे मोलही धरावे. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी बाजारात जवारी केळ्यांची फणी घेताना ती कोणत्या गावाहून आली आणि तेथे तिला काय भाव मिळाला, हे विक्रेत्यास नम्रपणे विचारावे. जून महिन्यात ते सारे कागद आम्हांस पाहावयाचे आहेत. भूगोलाचा तो पाठ आम्ही तेथूनच पुढे चालू करू.